भरतीला डोंगर, ओहोटीला खाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून ससेक्समधल्या शोरमला येऊन वर्ष झालं, निवाऱ्यातून आणलेली चार वर्षांची कुत्री घरी आहे, तिला दिवसातून दोनदा फिरवावंच लागतं. पुण्यात पक्षी बघायची सवय होती. इथल्या हिवाळ्यात कुत्री बरोबर असताना पक्षी दिसतील का, की तिच्यामुळे सगळे उडून जातील? कुठे जावं, कधी जावं, दुर्बीण कोणती घ्यावी?

मी मूळची आंजर्ल्याची. सीफर्डला येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि ठमी ही माझी तिसरी कुत्री. इथे येताना हिवाळा म्हणजे सामसूम असं मनात धरून आले होते. झालं उलटंच. या किनाऱ्यावर पक्ष्यांचा खरा मोसम ऑक्टोबर ते मार्च. सायबेरिया, स्कँडिनेव्हिया, आइसलंड इथून जे खाली उतरतात त्यातले कितीतरी इथे थांबतात, कारण इथला समुद्र गोठत नाही आणि खाडीचा चिखल उघडा राहतो. आंजर्ल्याच्या खाडीवर जसे हिवाळी पाहुणे येतात तसेच इथे. काही जाती तर दोन्हीकडे त्याच.

कुत्री अडचण नाही. पाऊस असो, वारा असो, ती तुम्हाला रोज बाहेर काढते, आणि रोज त्याच वाटेवर नेते. पक्षी ओळखायला शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. एका वाटेवरून शंभर वेळा गेल्यावर एकशे एकाव्या वेळी जे वेगळं असतं ते आपोआप डोळ्यात भरतं. तेव्हा आधी लांबची नावाजलेली ठिकाणं शोधू नका. दोन वाटा ठरवा, एक पाण्याजवळची आणि एक टेकडीवरची. आणि कोणत्या वेळी कोणती वाट धरायची हे भरती-ओहोटीवर सोडा. भरतीला डोंगर, ओहोटीला खाडी. माझं सगळं उत्तर खरं म्हणजे या चार शब्दांत आहे, पण ते का, हे समजलं तर तुम्ही ते मनापासून पाळाल.

आमच्या कोकणात तिथीवरून भरती काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला सव्वा अकराच्या सुमारास. हा हिशेब इथे लागू पडेल असं मला वाटलंही नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात सहज ताडून पाहिला आणि चकित झाले: ससेक्सच्या या किनाऱ्यावरही उधाणाची भरती दुपारच्या आसपासच येते, त्यामुळे आजोबांचा ठोकताळा इथल्या हिवाळी घड्याळाशी बऱ्यापैकी जुळतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. घराबाहेर पडताना शोरम बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघाच, पण हा हिशेब डोक्यात असला की कॅलेंडर पाहून आठवड्याचं नियोजन करता येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांत दुपारी पाणी वर असतं, चिखल सकाळी लवकर आणि तीन-साडेतीननंतर उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणजे भर दुपारी खाडी रिकामी. डिसेंबरात सूर्य आठला उगवतो आणि चारच्या आतच मावळतो, तेव्हा हे आठ तास कसे वापरायचे याला फार महत्त्व आहे.

तुमच्या दारात एडर नदीची खाडी आहे. २०१३ साली बांधलेला पादचाऱ्यांचा पूल हे कुत्रीबरोबर पक्षी बघायला मला माहीत असलेल्या उत्तम जागांपैकी एक. पुलावर कुत्री दोरीतच ठेवायची, तुम्ही उंचावर असता, आणि खालच्या पक्ष्यांना पुलावरच्या वर्दळीची सवय झालेली असते. ओहोटी असताना तिथे उभ्या राहा. चिखलावर लाल पायांचा रेडशँक भरभर चालताना दिसेल. माणूस किंवा कुत्रा जवळ आला की सगळ्यात आधी तोच ओरडतो आणि बाकीच्यांना सावध करतो. छोटे, पोट टेकल्यासारखे वाकून चोच टोचत राहणारे ते डनलिन. दोन पावलं पळून थबकणारा, गळ्यात काळा पट्टा असलेला रिंग्ड प्लव्हर. आपल्या चिखल्याचा मोठा भाऊ समजा. काळा-पांढरा, गाजरासारख्या चोचीचा ऑयस्टरकॅचर ओळखायला कुणाची मदत लागणार नाही. इथल्या वलय घातलेल्या ऑयस्टरकॅचरांपैकी काहींनी वयाची चाळिशी ओलांडल्याची नोंद आहे. आज तुम्ही ज्याला बघाल तो कदाचित तुमच्या जन्माआधीपासून हिवाळे काढत असेल.

पांढरा छोटा बगळा दिसला की तुम्हाला घरची आठवण येईल. पण इथल्या जुन्या पक्षीनिरीक्षकांना विचारा, त्यांच्या तरुणपणी हा बगळा दिसणं म्हणजे बातमी होती. ब्रिटनमध्ये त्याने पहिलं घरटं केलं ते १९९६ साली, डॉर्सेटमधल्या ब्राउनसी बेटावर. आता प्रत्येक ओढ्यावर आहे. गायबगळेही त्याच्या मागोमाग आले. त्यांची इथली पहिली घरटी २००८ ची. आणि हिवाळ्यात गोडं पाणी गोठू लागलं की खंड्या खाऱ्या पाण्याकडे सरकतो. हा तोच लहान खंड्या, जो मुळा-मुठेच्या काठी तुम्ही पाहिला असेल. पुलाच्या खांबांजवळ निळी रेघ सरकन गेली तर तो.

पाणी चढायला लागलं की खरी गंमत. भरतीच्या अडीच-तीन तास आधी पुलावर या. चिखल आकसत जातो तसे लांब पांगलेले पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात, दाटीने चरतात, आणि एरवी दुर्बिणीतही ठिपके वाटणारे पक्षी साध्या डोळ्यांनी दिसतात. मग पाणी सगळं झाकतं आणि ते उठून विश्रांतीच्या जागी जातात. एडरवरचे बरेचसे पक्षी पलीकडच्या विमानतळाच्या गवतावर जाऊन बसतात; टिटव्यांच्या जातीचे लॅपविंगही तिथेच दिसतील, डोक्यावर लांब तुरा असलेले. काही मात्र किनाऱ्यावरच्या गोट्यांत, बांधावर, कुठेतरी वाळूच्या जिभेवर एका पायावर उभे राहतात, चोच पाठीत खुपसून. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास ते तिथेच असतात. याच चार तासांत कुत्र्याने तिथे असता कामा नये. तेव्हा आपण टेकडीवर.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मोतीला, माझ्या पहिल्या कुत्र्याला, मी सीफर्डजवळच्या ककमिअर नदीच्या मुखाशी भरतीच्या वेळी मोकळा सोडला. गोट्यांचा रंग आणि पक्ष्यांचा रंग इतका एक होता की तिथे कुणी बसलंय हे मला दिसलंच नाही. मोती पाण्याच्या कडेने धावत सुटला आणि समोरची जमीनच उडाल्यासारखी झाली. दीडेकशे पक्षी असतील. ते गोल फिरले, पुन्हा बसू पाहिले, मोती पुन्हा धावला. तिसऱ्यांदा ते समुद्रावर निघून गेले. बांधावर एक वृद्ध गृहस्थ टेलिस्कोप लावून महिन्याची गणती करत होते. ते रागावले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, हे आता वाऱ्यात उडत राहतील, कारण भरती असल्याने त्यांना उतरायला दुसरी जागाच नाही. त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून ते थवे हलले नाहीत. पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याबरोबर गणतीला उभी राहू लागले.

त्यामागचा हिशेब असा. थंडीत छोट्या पक्ष्याला अंग गरम ठेवायलाच फार खावं लागतं, आणि त्याचं ताट दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. ओहोटीत जेवढं मिळालं तेवढ्यावर भरती काढायची. रात्रीच्या ओहोटीतही ते खातात, तरी कडाक्याच्या दिवसांत जमाखर्च काठावरच असतो. उडण्यात सगळ्यात जास्त शक्ती जाते. एकदा उडवलं तर काही बिघडत नाही असं प्रत्येक कुत्रेवाल्याला वाटतं, पण त्याच किनाऱ्यावर दिवसभरात तीस कुत्री येतात. फेब्रुवारी १९९१ च्या गोठणाऱ्या थंडीत पूर्व किनाऱ्यावरच्या वॉश खाडीत रेडशँक मोठ्या संख्येने मेले होते. इथले बदकांचे शिकारीसुद्धा हे मानतात: सलग दोन आठवडे बर्फाळ हवा राहिली की सरकार पाणपक्ष्यांची शिकार थांबवतं. मग आपण तर कुत्रं फिरवणारे. गारठा जितका जास्त, दोरी तितकी आखूड.

कुत्र्याला पक्षी वेगळं समजतात हेही लक्षात घ्या. माणूस पन्नास पावलांवर आला तरी जे हलत नाहीत ते मोकळा कुत्रा त्याच्या दुप्पट अंतरावर दिसला की उठतात. त्याने भुंकायची, पाठलाग करायची गरज नसते. त्यांच्या दृष्टीने तो कोल्हाच. दोरीतला, तुमच्या पायाशी चालणारा कुत्रा मात्र ते माणसाचाच भाग धरतात असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. थव्याकडे बघत चला. आधी खाणं थांबतं, माना वर होतात. मग ते चालत दूर सरकतात. मग एखादा ओरडतो. उडणं शेवटी. माना वर झाल्या की तिथेच थांबायचं आणि दोन पावलं मागे यायचं. पुन्हा माना खाली गेल्या, तर तुमचं अंतर बरोबर आहे.

ठमीला मी तीनच शब्द शिकवले, आणि तेही मराठीत: थांब, बस, चल. ‘थांब’ सगळ्यात महत्त्वाचा. घरात जेवणाच्या ताटलीपासून सुरुवात केली, मग दारात, मग रस्त्यावर, आणि सहा महिन्यांनी समुद्रावर. तुमची कुत्री निवाऱ्यातून आलेली आहे, तिचं आधीचं आयुष्य आपल्याला माहीत नाही. तिच्यात पाठलागाची ओढ किती आहे हे पक्ष्यांवर तपासू नका. घाई नको. पहिला हिवाळा पूर्ण दोरीत गेला तरी काही बिघडत नाही. कंबरेला बांधायची दोरी घ्या, पण रबरासारखी ताणणारी नको, दुर्बीण डोळ्याला लावली की तीच हिसके देते. दोरी कंबरेला असतानाच तिचा मधला भाग बुटाखाली धरला आणि कुत्री बसली, की दोन्ही हात मोकळे आणि चित्र स्थिर.

दुर्बिणीबद्दल फार लिहीत नाही. आठ पट मोठं दाखवणारी, बत्तीस मिलिमीटर भिंगाची, पाणी न शिरणारी. बेचाळीस मिलिमीटरची जास्त उजेड देते पण दोन तास गळ्यात घालून कुत्री सांभाळायला जड. दहा पटीची नको, वाऱ्यात हात हलतो.

त्यापेक्षा उजेडाची दिशा सांभाळा. हा किनारा दक्षिणेला तोंड करून आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर समुद्राच्याच बाजूला, तोही खाली. समोर बघितलं की सगळे पक्षी काळ्या सावल्या. म्हणून सकाळी पश्चिमेकडे चाला आणि दुपारनंतर पूर्वेकडे. सूर्य पाठीशी राहतो आणि तोच पक्षी रंगांसकट दिसतो. एवढ्या साध्या बदलाने माझी पहिल्या वर्षीची निम्मी ‘न ओळखलेले’ यादी कमी झाली.

समुद्रकाठी काय शोधायचं? शोरम बंदराच्या तोंडाशी, जुन्या किल्ल्याजवळ, दगडांवर टर्नस्टोन हमखास. कासवाच्या पाठीसारखे ठिपकेदार, नारिंगी पायांचे, चोचीने गोटे आणि शेवाळ उलटवत जातात. माणसांना फारसे घाबरत नाहीत म्हणून लोकांना वाटतं त्यांना त्रास होत नाही. होतो, फक्त ते उशिरा दाखवतात. लाटेच्या मागे-पुढे पळणारे फिकट सँडरलिंग वर्थिंगच्या बाजूला वाळू उघडी पडली की. हे दोघं कोकणच्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात येतात, तेव्हा इथे ओळख पक्की झाली की सुट्टीत गावी गेल्यावर उपयोग होईल. गोट्यांच्या किनाऱ्यामागचं वाइडवॉटर हे खारं तळंही बघत जा, वारा सुटला की तिथे आडोशाला पक्षी येतात.

आणि ब्रेंट गीज, म्हणजे रानहंस. रंगाने काजळी, गळ्याशी पांढरी चंद्रकोर, आकाराने जेमतेम बदकाएवढे. गोरिंगच्या किनाऱ्यालगतच्या शेतांवर भरतीच्या वेळी उतरतात, आणि पॅगम व चिचेस्टरच्या बंदरांत तर त्यांचे मोठे थवे असतात. हे येतात सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पाकडून. आधी खाडीतलं समुद्री गवत खातात, ते संपत आलं की शेतावर येतात. त्यांची कुटुंबं हिवाळाभर एकत्र राहतात. पंखावर पांढऱ्या बारीक रेघा असलेले ते त्या वर्षीचे पिल्लू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अशी पिल्लं मोजा. काही वर्षी प्रत्येक जोडीमागे दोन-तीन दिसतात, काही वर्षी अख्ख्या थव्यात एखाददुसरं. तिकडे टुंड्रात लेमिंग नावाचे उंदीर भरपूर झाले की ध्रुवीय कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि हंसांची पिल्लं वाचतात. लेमिंग घटले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. गोरिंगच्या शेताच्या कडेला उभं राहून सायबेरियातला उन्हाळा कसा गेला ते वाचता येतं. मला दर वर्षी याचं तितकंच नवल वाटतं.

त्या शेतालगत कुत्री मोकळी सोडणारे खूप आहेत. कुणाशी भांडू नका. मी थांबते, दुर्बीण त्यांच्या हातात देते आणि पंखावरच्या रेघा दाखवते. बहुतेक जण पुढच्या वेळी दोरी काढत नाहीत.

पांढऱ्या कड्यांकडे, म्हणजे ब्रायटनच्या पूर्वेला सॉल्टडीनपर्यंत किंवा आमच्या सीफर्डकडे आलात, तर डिसेंबरपासूनच फुलमार कड्यांवर परतायला लागतात. कुरवासारखे दिसतात, पण पंख ताठ ठेवून, एकही झाप न मारता कड्यापाशी घिरट्या घालतात. कड्याखालच्या फरसबंद वाटेवर रॉक पिपिट आणि बहिरी ससाणा दोन्ही दिसतात. कड्यावरून चालताना मात्र कुत्री दोरीतच, अपवाद नाही. हा खडू ठिसूळ आहे, पावसाळी हवेत मोठे तुकडे ढासळतात, आणि काठापलीकडे उडालेल्या कुरवामागे धावणाऱ्या कुत्र्याला पुढे जमीन नाही हे कळत नाही. बीची हेडचा कडा १६२ मीटर उंच आहे. दर वर्षी या किनाऱ्यावर अशी कुत्री जातात. काठापासून बरंच आत चाला.

आता डोंगर. नाव डाउन्स असलं तरी त्या टेकड्याच. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी, त्यावरून ते आलं. खडूच्या या टेकड्यांवर पाणी ठरत नाही, म्हणून मेंढपाळांनी खोदलेली छोटी गोल तळी वर आहेत. थंडीत तहानलेले पक्षी तिथे उतरतात. कुत्रीला सोडण्याआधी पाच मिनिटं लांबून तळं बघा. तुम्हाला मिल हिल आणि ट्रूली हिल जवळ; थोडं पश्चिमेला सिसबरी रिंग, लोहयुगातला मातीचा किल्ला. शनिवारवाड्याच्या शहरातून आलेल्या माणसाला त्याची तटबंदी बघायलाही आवडेल.

कापणी झालेल्या शेतात खुंट राहिले असतील तर तिथे थांबा. चंडोलाच्या कुळातल्या स्कायलार्कचे थवे, पिवळ्या डोक्याचे यलोहॅमर, आणि जाडजूड, मातकट कॉर्न बंटिंग. कॉर्न बंटिंग देशभर फार घटला, ससेक्सच्या या टेकड्यांवर अजून टिकून आहे. हिवाळ्यात खुंट न नांगरता ठेवणारा शेतकरी या पक्ष्यांचा अन्नदाता आहे. त्याच्या शेतात कुत्री घुसवून त्याला पक्षीप्रेमींचा राग आणू नका. कुंपणाच्या झुडपांत लाल बोरं असली की फील्डफेअर आणि रेडविंग हे उत्तरेकडचे कस्तुर चकचक करत उठतील. वर घिरट्या घालणारी, दुभंगलेल्या शेपटीची लालसर घार दिसली तर तीही परत आणलेली: १९८९ पासून चिल्टर्न टेकड्यांत सोडलेल्यांची ही वंशावळ इथवर पसरली.

काटेरी पिवळ्या फुलांची गॉर्सची झुडपं टेकडीच्या उतारावर असतात. टोकावर बसून शेपूट हलवत ‘टक टक’ करणारा गप्पीदास तुम्ही लगेच ओळखाल, इथे त्याला स्टोनचॅट म्हणतात. तो दिसला की पुढे जाऊ नका. त्याच्या खालच्या फांद्यांत, लांब शेपटी वर करून, वांगी रंगाच्या छातीचा डार्टफर्ड वॉर्बलर असू शकतो. हिवाळ्यात तो स्टोनचॅटच्या मागे मागे फिरतो, बहुधा त्याच्या टेहळणीचा फायदा घेत. १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यानंतर या देशात त्याच्या दहा-बाराच जोड्या उरल्या होत्या. त्याला बघायला मला चार हिवाळे लागले, आणि दिसला तो केवळ ठमी काटा रुतला म्हणून खाली बसली आणि मी दहा मिनिटं एका जागी थांबले म्हणून.

सगळ्यात मोठं बक्षीस दुपारी अडीच-तीननंतर. उंच, न चरलेल्या गवताच्या उतारावर वारा पाठीशी घेऊन बसा, कुत्री शेजारी, दोघींनी हलायचं नाही. नशीब असेल तर आखूड कानांचं घुबड, शॉर्ट-इअर्ड आउल, गवताच्या हातभर वरून सावकाश, पतंगासारखं उडत येतं. पिवळे डोळे, त्यांच्याभोवती काजळ. उजेडात शिकार करणारं हे घुबड स्कँडिनेव्हियाकडून येतं. आपल्याकडच्या माळरानांवरही हिवाळ्यात येतं. ज्या वर्षी गवतातले उंदीर भरपूर त्या वर्षी एकाच उतारावर चार-पाच, नाहीतर एकही नाही. ते दिवसा गवतातच, जमिनीवर झोपलेलं असतं. म्हणून ऑक्टोबर ते मार्च अशा उंच गवतात कुत्री मोकळी नको; वाटेवर मोकळी असेल तरी चालेल, आत नको. झोपेतून उठवलेल्या घुबडामागे लगेच कावळे आणि कुरव लागतात.

टेकडीवरच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. मेंढ्या दिसल्या की दोरी. फेझंटच्या शिकारीचा मोसम १ फेब्रुवारीपर्यंत असतो, बंदुकांच्या आवाजाने घाबरणारी कुत्री अशा दिवशी खाली न्या. खडूत चकमकीचे दगड असतात, त्यांच्या धारेने पंजे कापतात. घरी आल्यावर बोटांच्या मधे बघा. ओला खडू साबणासारखा निसरडा, बूट चांगले हवेत. विष्ठा उचलाच, टेकडीवर कुणी बघत नसलं तरी: हे गवताळ रान निकस जमिनीवरच जगतं, त्यामुळेच उन्हाळ्यात तिथे एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मिळतात, खत पडलं की त्या हटतात. किनाऱ्यावर मेलेला पक्षी दिसला तर कुत्रीला जवळ जाऊ देऊ नका, २०२१ नंतर बर्ड फ्लूने समुद्रपक्षी फार मेले. वादळानंतर पांढरे मेणासारखे गोळे लागतात, ते जहाजांतून सांडलेलं पाम तेल असतं. कुत्री ते आवडीने खातात आणि आजारी पडतात.

एक गोष्ट बरेच कुत्रेवाले ऐकून दचकतात, मीही दचकले. गोचिडांसाठी मानेवर घालतो त्या थेंबांतली कीटकनाशकं कुत्र्याच्या केसांतून पक्ष्यांच्या घरट्यांत पोचतात. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्लू टिट आणि ग्रेट टिट यांची घरटी तपासली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल सापडलं. पक्षी केस घरट्याच्या अस्तराला वापरतात. मी पूर्वी ठमीचे विंचरलेले केस मुद्दाम बागेत ठेवत असे, पक्ष्यांना ऊब मिळावी म्हणून. आता कचऱ्यात टाकते. औषध घातल्यावर बरेच दिवस तिला तळ्यात उतरू देत नाही, आणि हिवाळ्यात खरंच गरज आहे का हे पशुवैद्यांना विचारून ठरवते.

एखाद्या कोरड्या, शांत संध्याकाळी ब्रायटनच्या पॅलेस पिअरला, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याकडे, जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी स्टारलिंगचे थवे समुद्रावर जमतात, धुरासारखे वळतात, घट्ट होतात, पसरतात आणि अंधार पडता पडता पिअरखाली ओतले जातात. सोलापूरकडे भोरड्यांचे थवे पाहिले असतील तर हा त्यांच्याच कुळाचा नाच. कुत्रीला न्यायला हरकत नाही, गर्दी सहन होत असेल तर.

वही ठेवा. तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून, काय दिसलं, आणि किती. आकडा लिहायला लाजू नका, ‘बरेच’ हा शब्द दोन वर्षांनी काहीच सांगत नाही. नोंदी बर्डट्रॅक या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या देशाच्या हिशेबात जातात. पाणपक्ष्यांची महिन्याची गणती इथे वर्षानुवर्षं स्वयंसेवकच करतात, आणि त्यांना नव्या डोळ्यांची गरज असते. मराठी बोलणारी मी एकटीच आहे, दुसरी आली तर मला फार आनंद होईल.

फेब्रुवारीत एखाद्या उबदार सकाळी ट्रूली हिलवर पहिला स्कायलार्क गात वर चढेल, आणि महिनाअखेरीस आमच्या सीफर्डच्या कड्यावर किट्टीवेक नावाचे कुरव परत येऊ लागतील, स्वतःचंच नाव ओरडत. मोकळ्या प्रवेशाच्या रानात १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला दोन मीटरच्या आत दोरीत ठेवण्याचा कायदा आहे, कारण स्कायलार्क जमिनीवर घरटं करतो. तोवर, या आठवड्यात शनिवारी शुद्ध सप्तमी आहे. पाऊणने गुणा: सव्वापाच. म्हणजे साडेअकराला एडरच्या पुलाखाली चिखल अगदी उघडा असेल. कुत्रीला जरा जास्त खाऊ खिशात घ्या, आणि समुद्राकडून गावाकडे चालत या.